नळाचा गुन्हा, शिक्षा गाडीला

सिंहस्थ जवळ आला की नाशकात दोन कामं हमखास सुरू होतात: रस्ते खोदणं आणि खाण्याच्या गाड्या उचलणं. २०२७चा सिंहस्थ याला अपवाद ठरेल असं मानायला जागा नाही. गाड्या उचलाव्यात म्हणून जे बोललं जातं ते नवीन नाही आणि बोलणारी माणसं वाईटही नाहीत. रस्त्यावरचं खाणं घाणेरडं असतं, ते खाऊन लोक आजारी पडतात. गाडीवाला फूटपाथ अडवतो, भाडं देत नाही, कर भरत नाही. शहरात आता टापटीप हॉटेलं आहेत, गंगापूर रोडकडे मिसळीच्या बागा आहेत, मग शालिमारच्या कोपऱ्यावर धूर ओकणाऱ्या कढया हव्यात कशाला? ऐकायला सरळ वाटतं. पण यात दोन वेगळे प्रश्न एका दाव्याला बांधलेत. गाडीवरचं अन्न कसं असतं हा एक आणि गाडीभोवती घाण का असते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या धंद्याच्या रचनेत आहे. दुसऱ्याचं उत्तर महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आणि गटारात आहे. गाडी उचलली की अन्न तेवढं जातं; पाणी आणि गटार जिथल्या तिथे राहतं.

आधी अन्नाचं बघू आणि नाशकात आहोत तर मिसळीवरच बघू. मिसळीचं काम आदल्या दिवशी सुरू होतं. मटकी आठ-दहा तास भिजते, मग ओल्या फडक्यात बांधून तिला मोड आणायचे; आज ताटलीत पडणारी उसळ म्हणजे मालकाने काल केलेला आजच्या गिऱ्हाइकाचा अंदाज असतो. कांदा आणि सुकं खोबरं काळसर होईस्तोवर भाजायचं, खडा मसाला वेगळा परतायचा, आणि त्या काळ्या वाटणाचा रस्सा सकाळी शेगडीवर चढवायचा. तो उतरतो दुकान बंद होताना. पंचवटीत अंबिकाकडे बसा की सातपूरला श्यामसुंदरकडे, वाटी रिकामी झाली की वरून येणारा रस्सा वाफाळताच असावा लागतो, कारण कोमट तर्री कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. रोगजंतूंची वाढ होते ती साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या टापूत. त्याच्या वर गरम किंवा त्याच्या खाली गार ठेवलेलं अन्न बरंचसं सुरक्षित, हे अन्नसुरक्षेचं पहिल्या इयत्तेचं गणित. दिवसभर खदखदणारा रस्सा त्या टापूत पाऊलच टाकत नाही. मिसळीत धोका असलाच तर तो वरच्या चिरलेल्या कांद्यात, कोथिंबिरीत, दह्यात आणि पाण्याच्या ग्लासात आहे. ही यादी ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हेच वडापावचं, भजीचं, डोशाचं. गाडीवर सहसा एक पदार्थ असतो, फार तर चार. तो डोळ्यांसमोर तळला किंवा भाजला जातो आणि पाच मिनिटांत पोटात जातो. गाडीवाल्याकडे मोठा फ्रीज नाही, कोठार नाही. उरलेलं उद्यावर ढकलायची सोयच नाही. म्हणून तो अंदाज बेताचा बांधतो आणि संपलं की संपलं सांगून मोकळा होतो. गिऱ्हाइकाला ‘संपलं’ ऐकून वाईट वाटतं, पण ताज्या मालाची याहून खात्रीची पाटी दुसरी नाही. आणि एकच पदार्थ रोज शेकडो वेळा करणाऱ्याचा हात काय होतो, हे नाशिककराला सांगायला नको. सायंताराचा साबुदाणा वडा, कोंडाजीचा चिवडा, बुधा हलवाईची जिलबी, भगवंतरावांची मिसळ: या गावात ज्यांची नावं झाली ती एकेका जिनसेवर झाली, शंभर जिनसांवर नव्हे.

याच्या समोर टापटीप म्हणवणारं मधल्या दर्जाचं हॉटेल ठेवा. मेन्यूकार्डावर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, तंदूर मिळून दीड-दोनशे पदार्थ. इतके पदार्थ ऑर्डर आल्यावर मुळापासून कुणीच करू शकत नाही, हे साधं गणित आहे. त्यामुळे लाल, पिवळी, पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या आधी करून ठेवायच्या आणि त्यांच्या मिश्रणातून कोल्हापुरी, कढाई, हंडी, मखनी अशी नावं काढायची. यात बेकायदा काही नाही आणि नीट चालवलेल्या स्वयंपाकघरात ते सुरक्षितही असतं. पण ग्रेव्ही कधीची, किती वेळा गार-गरम झाली, फ्रीज रात्री बंद पडला होता का, यातलं काहीही टेबलाशी बसलेल्या माणसाला दिसत नाही. तो दारावरच्या काचेवरून आणि वेटरच्या गणवेशावरून स्वच्छता ठरवतो. गाडीवर उभा असलेला माणूस तेलाचा रंग बघतो, पीठ बघतो, गाडीवाल्याची नखं बघतो आणि पटलं नाही तर पुढच्या गाडीवर जातो. तपासणीची ही पद्धत परिपूर्ण नाही, पण ती दिवसातून शेकडो वेळा होते. अन्न निरीक्षक कुठल्याही हॉटेलात इतक्या वेळा येत नाही.

आता पैशाचा मुद्दा. स्वस्त म्हणजे हलकं, असा एक समज या सगळ्या बोलण्याच्या तळाशी आहे. तो तपासायला सरकारी हिशेब हाताशी आहे. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाकडून १० रुपये, आणि शहरात शासनाकडून केंद्रचालकाला थाळीमागे ४० रुपये. म्हणजे एवढं जेवण शहरात द्यायला ५० रुपये पडतात, हा शासनाचाच आकडा, आणि तोही त्या वर्षीचा. त्याआधी १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. पुढे अनेक ठिकाणी केंद्राची मोक्याची जागा राहिली आणि झुणका-भाकर तेवढी गेली. या दोन्ही योजनांची थट्टा करायची नाही, त्यांनी भुकेली माणसं जेवली. पण अनुदान, ठरलेली वेळ आणि मंजूर थाळ्यांचा कोटा यांच्याशिवाय त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्याच शहरात, त्याच काळात, एका पैशाचं अनुदान न घेता पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई, सीबीएस बसस्थानकाजवळचा पोहेवाला आणि सातपूरच्या कारखान्यांच्या गेटबाहेरचा वडेवाला माणसाला परवडेल अशा भावात खाऊ घालत राहिले, आणि त्यातूनच आपलं घरही चालवलं. हे जमतं कारण त्यांच्या पदार्थात जागेचं भाडं, एसीचं बिल आणि सजावटीचं व्याज मिसळलेलं नसतं. हॉटेलच्या बिलातून या तीन गोष्टी वजा केल्या तर ताटलीतल्या अन्नाचा भाव बहुधा गाडीच्या आसपासच येऊन थांबेल.

मिसळीच्या बागांबद्दल इथेच बोलून टाकतो. त्या चांगल्या आहेत. रविवारी मुलाबाळांना घेऊन जावं, चुलीवरचा रस्सा खावा, झोपाळ्यावर बसावं; त्यांनी नाशिकच्या मिसळीला बाहेरगावचं गिऱ्हाईक मिळवून दिलं हेही खरं. पण त्यांच्याकडे बोट दाखवून गाडी नको म्हणणं म्हणजे वॉटर पार्क झालं म्हणून गावातली विहीर बुजवण्यासारखं आहे. अंबडला सकाळच्या पाळीला जाणारा कामगार, पहाटे मार्केट यार्डात टोमॅटो उतरवून परत निघालेला शेतकरी, कॉलेज रोडला क्लासला आलेला निफाडचा किंवा सुरगाण्याचा मुलगा, ठक्कर बाजारला बस बदलणारी म्हातारी: यांच्यापैकी कुणीही सहा किलोमीटरवरच्या झोपाळ्यावर नाश्ता करायला जाणार नाही.

स्वच्छतेच्या आक्षेपाला मात्र एका वाक्यात उडवून लावता येत नाही आणि लावूही नये. सगळ्या गाड्यांची वकिली मी करणार नाही. सकाळी शिजवलेला भात संध्याकाळपर्यंत परातीत उघडा ठेवून त्याचा फ्राइड राइस करणाऱ्या गाड्या आहेत. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजं शिजवल्यावरही उरतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांचं विष नंतर परतून नष्ट होत नाही. पाणीपुरीत पुरी निर्दोष असते, रगडा गरम असला तर तोही. धोका हंड्यातल्या पाण्याचा आणि त्यात बुडणाऱ्या हाताचा. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, सकाळी वाटलेली खोबऱ्याची चटणी, पावसाळ्यात तर यांपासून दोन हात लांबच राहिलेलं बरं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा प्रश्नही खरा आहे. म्हणूनच १ जुलै २०१८ पासून तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायला मनाई झाली. आणि वर्तमानपत्राच्या कागदात भजी बांधणं बंद व्हायलाच हवं, त्या शाईत पोषण नाही.

पण ही यादी मघाच्या मिसळीच्या यादीशेजारी ठेवून पाहा. तेल आणि भात सोडले तर जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या मुळाशी पाणी आहे. पिण्याचं पाणी, हात धुवायचं पाणी, कांदा-कोथिंबीर धुवायचं पाणी, ताटल्या विसळायचं पाणी. गाडीखालची ती बादली सगळ्यांनी पाहिलेली आहे: सकाळी काठोकाठ निर्मळ, दहा वाजता साबणाने पांढुरकी, दुपारी तवंग आलेली, आणि तिच्यात एकामागून एक बुडणाऱ्या स्टीलच्या ताटल्या. गाडीवाल्याला हे दिसत नाही असं नाही. पण ते पाणी त्याने एखाद्या इमारतीच्या नळावरून मिनतवारीने किंवा पैसे देऊन आणलेलं असतं. दर तासाला बादली बदलायची तर आणायचं कुठून, आणि आधीची ओतायची कुठे? रस्त्यावर ओतली तर घाण केली म्हणून दंड, गटाराच्या झाकणाशी नेली तर झाकण तुंबलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली आहेत: स्वच्छता राखा, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. यातली मधली तीन गाडीवाल्याच्या हातात आहेत आणि बरेच जण ती पाळतात. पहिलं आणि शेवटचं नळाशिवाय पाळता येत नाही. गंगापूर धरण हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात हे लिहावं लागतं, हे विशेष.

इथे हटकून कुणी तरी सिंगापूरचा दाखला देतो: बघा, त्यांनी रस्ते कसे साफ केले. जरूर बघू. सिंगापूरने १९६८-६९ मध्ये फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांच्यासाठी खास केंद्रं बांधली. त्या केंद्रांत प्रत्येकाला ओटा दिला, नळ दिला, गटार दिलं, वीज दिली. विक्रेते हटवले नाहीत, त्यांच्या पायाखाली जमीन घातली. त्याचं फळ असं की २०१६ मध्ये तिथल्या एका साध्या कोंबडी-भाताच्या गाळ्याला मिशेलिनचा तारा मिळाला, आणि २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या फेरीवाला संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सिंगापूरचं नाव घेऊन नाशकात गाड्या उचलणारे त्या कथेचं पहिलं पान वाचून पुस्तक मिटतात.

जागेचा आक्षेप पुढचा. चालणाऱ्याला वाट मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. दृष्टिहीन माणसाला, व्हीलचेअरवरच्या माणसाला तर सगळ्यांत आधी. पण वाट अडवतं कोण, हे मोजून बघा. सहा फूट बाय चार फूट गाडी म्हणजे चोवीस चौरस फूट. एक छोटी हॅचबॅक कार सत्तरेक चौरस फूट घेते. तीन गाडीवाले आणि त्यांची तीन कुटुंबं जेवढ्या जागेत जगतात तेवढी जागा एक रिकामी कार दिवसभर फुकट अडवून बसते, आणि तिला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. शिवाय हा प्रश्न मर्जीचा उरलेला नाही. सोदान सिंग खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणं हा वाजवी बंधनांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क मानला. मग २०१४चा पथविक्रेता कायदा आला, त्या वर्षीच्या १ मेपासून लागू झाला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही. हटवायचं किंवा हलवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. अडीच टक्के म्हणजे ३७ हजारांच्या वर, अर्थात भाजी, कपडे, भांडी विकणारे सगळे धरून. कायदा करणाऱ्यांना बटाट्याच्या भाजीचीसुद्धा कल्पना होती: जप्त केलेला नाशवंत माल मालकाने मागणी करताच त्याच दिवशी परत करावा, असं कलम त्यात आहे. तेव्हा उचललेल्या गाडीसोबत मळलेलं पीठ दोन दिवस गोदामात आंबवणं ही कारवाई नव्हे, कायद्याचा भंग आहे.

कर भरत नाहीत, हा आक्षेप जरा गमतीचा. गाडीवाला तेल विकत घेतो त्यावर जीएसटी देतो, व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के देतो, आणि त्याची स्वतःची नोंदणी नसल्याने मोठ्या हॉटेल-साखळ्यांच्या पुरवठादारांसारखी वजावट त्याला कुठेच मिळत नाही. नोंदणीचंच म्हणाल तर अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनी १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला वर्षाला १०० रुपयांत नोंदणी दिली. ती न करणाऱ्याला करायला लावा, बाजू घेणारा कुणी भेटणार नाही.

राहतो पोषणाचा मुद्दा. पाव मैद्याचा, तर्री तेलाची, फरसाण तळलेलं आणि मीठ सढळ. रोज तीन वेळा वडापाव खाऊन कुणाचं भलं होणार नाही. पण मोड आलेल्या कडधान्याची वाटी, सोबत धान्य, वर कच्चा कांदा आणि लिंबू, ही मांडणी कुठल्याही आहारतज्ज्ञाला मान्य व्हावी. कडधान्य आणि धान्य एकमेकांच्या प्रथिनांतली उणीव भरून काढतात. तर्री नको असेल तर तसं सांगता येतं, वाढपी हसेल, पण देईल. बंद पाकिटातला चिप्स-बिस्किटांचा नाश्ता याहून महाग पडतो आणि त्यात मटकीचा दाणाही नसतो. गाड्या गेल्या तर कामगार बागेतली मिसळ खाणार नाही, तो पाकीट फोडेल.

शेवटचा आक्षेप सिंहस्थाचाच. एवढी गर्दी येणार, रोगराई पसरली तर? म्हणून गाड्या नकोत. रोगराईची भीती रास्त आहे, पण कोट्यवधी माणसं येणार असतील तर ती जेवणार कुठे? आखाड्यांची अन्नछत्रं मोठं काम करतात, पण ती प्रत्येकाला पुरत नाहीत, आणि रामकुंडावरून ओल्या कपड्यांनी परतणाऱ्या खेड्यातल्या माणसाच्या खिशात हॉटेलचं बिल नसतं. गाड्या त्या दिवशी राहणारच. नोंदणी केलेल्या आणि नळावरच्या की रातोरात उगवलेल्या आणि बादलीवरच्या, एवढीच निवड प्रशासनाच्या हातात आहे. आणि नळ घालणं अशक्य आहे असं तर नाशिक महापालिकेने म्हणूच नये. दर सिंहस्थाला तपोवनातल्या मोकळ्या जमिनीवर साधुग्राम उभं राहतं: पाणी, वीज, शौचालयं, सांडपाण्याची व्यवस्था, सगळं काही महिन्यांत. ज्या यंत्रणेला बारा वर्षांतून एकदा साधूंसाठी एक गाव वसवता येतं, तिला निमाणी, शालिमार, सीबीएस, नाशिकरोड आणि सातपूरच्या ठरलेल्या कोपऱ्यांवर एकेक सामाईक नळ, एक सांडपाण्याची मोरी आणि हात धुवायची जागा कायमची बांधता येते. खर्चाचा प्रश्नही उरत नाही, एरवी गाड्या उचलणाऱ्या पथकावर खर्च होतोच.

तेव्हा गाडीवर खाताना खालची बादली गढूळ दिसली तर जरूर तक्रार करा. गाडीवाल्याला बोलून उपयोग नाही, त्याला ते आधीच ठाऊक आहे. महापालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात आहे. कोपऱ्याचं नाव घालून ‘इथे नळ द्या’ असा अर्ज तिथे द्या, आणि त्यावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.